मणक्याची गादी आणि स्टेम सेलचे इंजेक्शन

भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांतील आपल्या वस्त्यांमधून या पानाकडे जे प्रश्न येतात, त्यांत अलीकडे एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. कंबर धरते, पायात कळ जाते, फोटो काढला तर मणक्याची गादी झिजली असे सांगितले. ऑपरेशनची भीती वाटते. अशात कोणाच्या तरी मोबाईलवर जाहिरात येते. स्टेम सेलचे इंजेक्शन घ्या, गादी पुन्हा नव्यासारखी होते, चिरफाड नाही, लगेच कामावर. खर्च लाखांत. हे खरे आहे का, आणि यासाठी कर्ज काढावे का, असे विचारले जाते.

उत्तर आधीच देऊन टाकतो. झिजलेल्या गादीसाठी स्टेम सेलचा उपचार आजवर सिद्ध झालेला नाही. आपल्या देशात तो फक्त मंजुरी मिळालेल्या चाचणीतच देता येतो, आणि चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून त्या प्रयोगाचे पैसे घ्यायचे नसतात. म्हणजे जो दवाखाना यासाठी लाखभर रुपये मागतो, तो तुम्हाला सिद्ध झालेला उपचारही देत नाही आणि नियमाने चाललेल्या चाचणीतही घेत नाही. कर्ज काढू नका.

एवढ्यावर लेख संपला असता. पण ज्याची कंबर दुखते त्याला नुसते "नको" सांगून भागत नाही. त्याला रात्री झोप नाही आणि सकाळी रोजावर जायचे आहे. म्हणून सगळे नीट समजून घेऊ.

आपल्या लोकांची कंबर का दुखते, हे या भागात कोणाला शिकवायला नको. आषाढ-श्रावणात भाताच्या खाचरात दिवसभर वाकून लावणी, वरून पाऊस, पाय चिखलात. मग कापणी, झोडणी. उन्हाळ्यात डोक्यावर हंडा आणि काखेत कळशी, नाहीतर सरपणाची मोळी. तरुण पोरे शिरवळच्या कंपन्यांत नाहीतर खेड शिवापूरच्या बाजूला गोदामांत आणि हॉटेलांत. कोणी टेम्पोवर, कोणी गवंड्याच्या हाताखाली. घरातल्या बाईची पाळी तर दोन्हीकडे, शेतातही आणि घरातही.

या दुखण्याची रीतसर मोजदाद आपल्याच जिल्ह्यात झाली आहे. इंदापूर तालुक्यातील भिगवण गावात १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढ माणसांना विचारले. सुमारे १८ टक्के लोकांना हाडे, सांधे किंवा स्नायूंचे दुखणे होते. तोपर्यंत सांधेदुखी आणि कंबरदुखी हा शहरातल्या खुर्चीवरच्या माणसाचा आजार, असे समजणारे पुष्कळ होते. खेड्यातला माणूस राबतो म्हणून त्याचे अंग दुखत नाही, हा समज त्या आकड्यांनी खोटा पाडला. भिगवण उसाच्या पट्ट्यात येते. भोर-वेल्ह्याच्या भातखाचरांत आणि डोंगरवाटांवर अशी पाहणी कोणी केली तर काय निघेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

गादी म्हणजे नेमके काय

आपल्या पाठीच्या कण्यात एकावर एक मणके रचलेले असतात आणि त्यांच्यामध्ये २३ गाद्या असतात. प्रत्येक गादीला बाहेरून चिवट तंतूंची कडी असते. सुंभाचे वेढे एकावर एक द्यावेत तशी. आत मऊ, पाणीदार गर असतो. तरुणपणी या गरात बहुतेक पाणीच असते. वय वाढते तसे पाणी कमी होते, गादी चपटी होते, कडीला चिरा पडतात. कधी त्या चिरेतून गर बाहेर येतो आणि शेजारून पायाकडे जाणाऱ्या नसेला लागतो. मग कमरेपासून कुल्ल्यातून, मांडीतून थेट पावलापर्यंत कळ जाते. त्यालाच सायटिका म्हणतात.

गादीची एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचे सगळे सोपे जाईल. मोठ्या माणसाच्या गादीच्या आत रक्तवाहिन्या नसतात. हाताला जखम झाली तर रक्त येते, त्याबरोबर दुरुस्तीचे सामान येते आणि जखम भरते. गादीत तसे होत नाही. वरच्या आणि खालच्या हाडातून जे झिरपेल त्यावरच ती जगते. दिवसा आपण उभे राहतो तेव्हा ती दबते आणि पाणी बाहेर जाते. रात्री आडवे झालो की पुन्हा शोषून घेते. म्हणून सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा साधारण सेंटीमीटरभर जास्त भरते. आत प्राणवायू कमी, साखर कमी, आम्लपणा जास्त. अशा जागी पेशी जगणे मुळातच कठीण.

आता त्या "गॅप" विषयी. एमआरआयचा कागद हातात आला की घरात रडारड सुरू होते. मणक्यात गॅप आहे, नस दबली आहे, गादी सरकली आहे. हे शब्द माणसाला घाबरवतात. पण ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा लोकांचे एमआरआय पाहिले तर काय दिसते? अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या लोकांपैकी ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. ऐंशीच्या घरातल्या लोकांत हे प्रमाण ९६ टक्के होते. म्हणजे झिजलेली गादी ही पुष्कळदा पांढऱ्या केसांसारखी असते. ती दिसते, पण दुखण्याचे कारण तीच असेल असे नाही. फिनलंडमध्ये जुळ्या भावांवर झालेल्या अभ्यासात तर असे आढळले की गादी किती झिजते यात ओझ्यापेक्षा आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. याचा अर्थ ओझ्याने पाठ दुखत नाही असा मुळीच नाही. ओझ्याने स्नायू आणि सांधे दुखतात, उसण भरते, हे आपण रोज भोगतो. अर्थ एवढाच की कागदावरच्या गादीला इंजेक्शन दिले म्हणजे दुखणे थांबेल, हे गृहीत धरता येत नाही.

आणखी एक. पायातली प्रत्येक कळ मणक्याची नसते. बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत पायांच्या नसांच्या वेदनांनी फार छळले, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक आहे. त्यांना मधुमेह होता आणि ते इन्सुलिन घेत होते. उपचारांसाठी ते मुंबईला आले तेव्हाच डॉ. शारदा कबीर यांची भेट झाली आणि १९४८ साली त्यांचा विवाह झाला. मधुमेहात दोन्ही पायांची आग होते, मुंग्या येतात, तळवे बधिर होतात. तेव्हा पाय दुखतो म्हणून मणक्याचा महागडा फोटो काढण्याआधी रक्तातली साखर तपासून घ्यावी. ती तपासणी सरकारी दवाखान्यात होते.

स्टेम सेल खरी, जाहिरात खोटी

स्टेम सेल ही थोतांड गोष्ट नाही, हेही सांगितले पाहिजे. आपल्या शरीरात काही पेशी अशा असतात की त्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात. मराठीत त्यांना मूळ पेशी म्हणतात. हाडाच्या मगजात रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी असतात. त्या एका माणसाच्या शरीरातून दुसऱ्याच्या शरीरात घालून रक्ताचा कर्करोग बरा करता येतो. भारतातले असे पहिले प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे डॉ. अडवाणी स्वतः चाकाच्या खुर्चीवरून काम करत. ज्या घरात थॅलेसेमियाचे मूल आहे त्यांना या उपचाराचे मोल विचारावे. पुण्यातही विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथे शास्त्रज्ञ पेशींवर संशोधन करतात. पण ती प्रयोगशाळा आहे, तिथे रुग्णांना इंजेक्शने देत नाहीत.

रक्ताच्या आजारात जे सिद्ध झाले, त्याचे नाव वापरून गादीसाठी माल विकला जातो. इथेच फसवणूक सुरू होते. रक्ताची मूळ पेशी रक्तात जाऊन रक्त तयार करते, तो तिचा धर्मच आहे. गादीसाठी वापरतात त्या पेशी वेगळ्या. त्या मगजातून किंवा पोटाच्या चरबीतून घेतात, सुईने गादीत सोडतात, आणि अपेक्षा अशी की तिथे त्या नवा गर तयार करतील. जिथे रक्त नाही, प्राणवायू नाही, तिथे त्या किती दिवस जगतात हाच मोठा प्रश्न आहे.

चाचण्यांतून काय निघाले ते पाहू. २०११ साली स्पेनमध्ये दहा रुग्णांवर हा प्रयोग झाला आणि त्यांचे दुखणे कमी झाल्याचे प्रसिद्ध झाले. जगभर आशा वाढली. पण दहाच रुग्ण, आणि तुलनेला दुसरा गट नाही. पाठदुखी आपोआपही कमी-जास्त होत असते, त्यामुळे अशा प्रयोगावरून काही ठरवता येत नाही. म्हणून पुढे मोठ्या चाचण्या झाल्या, ज्यांत काहींना पेशी आणि काहींना नुसते मिठाचे पाणी किंवा खोटी सुई दिली, आणि कोणाला काय दिले हे रुग्णाला सांगितले नाही. ऑस्ट्रेलियातील मेसोब्लास्ट कंपनीने ४०४ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निकाल २०२१ साली जाहीर झाले. चाचणीचे मुख्य उद्दिष्ट साध्य झाले नाही. काही रुग्णांत वेदना कमी झाल्याचे कंपनीने म्हटले आणि दुसरी मोठी चाचणी हाती घेतली. युरोपातील ११४ रुग्णांच्या चाचणीचे निकाल २०२४ साली आले. वर्षानंतर पेशी दिलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के लोकांना बरे वाटत होते. खोटी सुई दिलेल्यांपैकी सुमारे ६९ टक्के लोकांनाही बरे वाटत होते! हा फरक इतका थोडा होता की तो पेशींचा गुण म्हणता येत नाही.

या आकड्यांकडे नीट पाहा. ज्यांच्या गादीत काहीच घातले नाही त्यांच्यातलेही दहापैकी जवळपास सात जण बरे झाले. आता समजा, अशाच सात जणांनी लाखो रुपये भरून इंजेक्शन घेतले असते, तर ते गावात येऊन काय म्हणाले असते? "मला गुण आला." आणि ते खोटे बोलत नसते. त्यांचा व्हिडिओ मोबाईलवर फिरला असता. जाहिरातीतल्या रुग्णांच्या मुलाखती खऱ्या असूनही उपचार निरुपयोगी असू शकतो, तो असा.

जाहिरातीत आणखी एक वाक्य हमखास असते, "भारत सरकारची मान्यता." यात अर्धे सत्य आहे. बेंगळुरूच्या स्टेमप्यूटिक्स कंपनीच्या स्टेम सेल औषधाला देशाच्या औषध नियंत्रकांनी मान्यता दिली आहे. २०२० साली ती पायाच्या रक्तवाहिन्या बंद होण्याच्या एका विशिष्ट आजारासाठी मिळाली, आणि २०२२ साली गुडघ्याच्या झिजेसाठी. मणक्याच्या गादीसाठी नाही. गुडघ्याच्या मान्यतेचा कागद दाखवून मणक्यात सुई मारणे म्हणजे दुचाकीच्या लायसनवर ट्रक चालवणे झाले.

नियम स्पष्ट आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ साली मार्गदर्शक तत्त्वे काढली. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचे मगज प्रत्यारोपण सोडले तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करावा, असे त्यांत सांगितले आहे. "तुमच्याच पेशी तुम्हाला देतो, त्याला परवानगी कशाला?" हे बोलणे त्यांत बसत नाही. औषध नियंत्रकांचे २०१९ चे नियमही स्टेम सेलपासून बनवलेल्या औषधाला नवे औषधच मानतात. प्रत्येक चाचणीची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद करणे २००९ पासून सक्तीचे आहे. म्हणून कोणी "ही चाचणी आहे" म्हणाले तर नोंदणी क्रमांक मागा. तो खरा असेल तर वस्तीतल्या कॉलेजात जाणाऱ्या कोणत्याही मुलाला किंवा मुलीला तो इंटरनेटवर पाहता येईल. चाचणीत संमतीचा कागद तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळाला पाहिजे आणि इजा झाली तर उपचार व भरपाईची तरतूद असली पाहिजे.

"पण ताई, गुण नाही आला तरी तोटा तर काही नाही ना?" हे आम्हाला अनेकांनी विचारले. तोटा आहे. अमेरिकेत २०१८ साली नाळेच्या रक्तापासून बनवलेली इंजेक्शने सांध्यांत आणि मणक्यात घेतलेल्या बारा जणांना जंतुसंसर्ग होऊन रुग्णालयात ठेवावे लागले. तिथेच तीन बायकांच्या डोळ्यांत पोटाच्या चरबीतल्या पेशी टोचल्या आणि त्यांची दृष्टी गेली. पक्षाघाताचा एक अमेरिकन रुग्ण देशोदेशी जाऊन मणक्यात पेशी टोचून आला, आणि त्याच्या मज्जारज्जूत दुसऱ्याच माणसाच्या पेशींची गाठ वाढली. ते प्रकरण २०१६ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. शिवाय सुई गादीत घुसवणे हेच निरुपद्रवी नाही. तपासणीसाठी ज्यांच्या गाद्यांत सुई टोचली होती त्यांच्या गाद्या दहा वर्षांनी इतरांपेक्षा जास्त झिजलेल्या दिसल्या, असे २००९ च्या एका अभ्यासात आढळले.

एका घरातला हिशेब

वेल्ह्याच्या बाजूला एका वाडीत आम्ही एका कुटुंबाला भेटलो. नावे देत नाही. घरातला कर्ता माणूस चाळिशीचा, गोदामात हमाली करणारा. उजव्या पायात कळ, दोन महिने घरी. मोठी मुलगी बारावी झालेली, नर्सिंगला जायचे म्हणून घरात थोडे पैसे साठवलेले. शहरातल्या एका दवाखान्याने स्टेम सेलचे पॅकेज सांगितले. महिनाअखेर भरले तर सवलत, नाहीतर हप्ते. बायकोने बचत गटातून किती उचलता येतील ते विचारून ठेवले होते. सासऱ्यांनी चार गुंठे विकायची तयारी केली होती. वहिनींनी आम्हाला विचारले, "एवढा मोठा डाक्टर खोटं बोलंल व्हय?"

आम्ही त्यांना डॉक्टर खोटा आहे असे सांगितले नाही. तीन गोष्टी लिहून दिल्या आणि दवाखान्यात जाऊन विचारायला सांगितले. या उपचाराला गादीसाठी औषध नियंत्रकांची मान्यता आहे का? चाचणी असेल तर नोंदणी क्रमांक कोणता? आणि ही दोन्ही उत्तरे दवाखान्याच्या कागदावर सहीशिक्क्यानिशी मिळतील का? मुलगी वडिलांबरोबर गेली. तोंडी उत्तरे भरपूर मिळाली, कागद मिळाला नाही. आजोबा एवढेच म्हणाले, "कागद न्हाई तर जमीन न्हाई."

पुढे ते ससूनला गेले. तिथल्या अस्थिरोग विभागात तपासले, पायातली ताकद शाबूत आहे हे पाहिले, थोडे दिवस गोळ्या आणि मग व्यायाम. तीन-साडेतीन महिन्यांत कळ उतरली. पण सगळे गोड झाले असे लिहिणार नाही. गोणी उचलणे त्यांना आता जमत नाही. त्याच गोदामात माल मोजायचे काम मिळाले, रोज कमी झाला. मुलीचे पैसे मात्र शाबूत राहिले.

त्यांच्या बाबतीत जे झाले ते अपवाद नव्हे. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते. नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या २८३ रुग्णांवर चाचणी झाली. काहींचे लवकर ऑपरेशन केले, काहींना थांबवून व्यायाम-औषधे दिली. ऑपरेशनवाल्यांना आराम लवकर मिळाला हे खरे. पण वर्षअखेर दोन्ही गटांत बरे झालेल्यांचे प्रमाण सारखेच, सुमारे ९५ टक्के होते. थांबलेल्यांपैकी काहींना पुढे ऑपरेशन लागलेच, पण बहुतेकांना लागले नाही. म्हणून ऑपरेशनला उगाच भिऊ नये आणि त्याची उगाच घाईही करू नये.

मग दुखते तेव्हा काय करायचे? उसण भरली की एखाद-दोन दिवस आडवे व्हावे, त्याहून जास्त नाही. दोन दिवस झोपून राहिलेले लोक सात दिवस झोपून राहिलेल्यांपेक्षा लवकर कामावर गेले, हे १९८६ सालीच दिसून आले आहे. शेक घ्यावा, सहन होईल तसे चालावे. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्याच दिवस घ्याव्यात. मेडिकलमधून पुडीत बांधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन् महिने खाल्ल्या तर जठर आणि मूत्रपिंड जाते. त्या पुडीत स्टेरॉइड असेल तर हाडेही ठिसूळ होतात. जुन्या कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शन काढले. त्यात व्यायाम आणि समजावून सांगणे यांवर भर आहे. कमरेचे पट्टे आणि वजन लावून ताणणे नेहमीसाठी करू नये, असे त्यात म्हटले आहे. आपल्याकडे पट्टा हा पाठदुखीचा जणू दागिनाच झाला आहे. तो विकत घेण्याआधी फिजिओथेरपिस्टकडून चार व्यायाम शिकून घ्या, ते फुकट आहेत. तंबाखू आणि विडी सोडण्याचा सल्ला इथेही लागू आहे, कारण धूम्रपानाने गादीला मिळणारे तुटपुंजे पोषणही घटते.

लावणीच्या दिवसांत अर्ध्या-पाऊण तासाने उभे राहून कमरेवर हात ठेवून मागे वाकावे. एकट्या बाईने हे केले तर मुकादम ओरडतो, सगळ्या पातीने एकदम केले तर ओरडत नाही. ज्यांचे स्वतःचे खाचर आहे त्यांनी नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा भात पद्धतीची माहिती कृषी सहायकाकडे विचारावी. त्यात चिखलणी आणि लावणी लागत नाही. तणनाशक वापरावे लागते हा त्यातला नावडता भाग. हमालांनी ध्यानात ठेवावे की माणसाने उचलायच्या ओझ्यालाही मर्यादा असते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली, आणि गोणीचे वजन ५० किलोवर आणण्यासाठी पुण्याची हमाल पंचायत लढली. ही मर्यादा मुळात कारखान्यापासून खाचरापर्यंत सगळीकडे पाळली गेली असती, तर हा लेख निम्मा झाला असता.

थांबू नये अशी दुखणी

काही खुणा दिसल्या तर घरगुती उपाय आणि हा लेख दोन्ही बाजूला ठेवा. लघवी अडकणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, बसण्याच्या जागी बधिरपणा येणे, पायाची ताकद झपाट्याने कमी होणे किंवा पाऊल उचलता न येणे. यात तासांना किंमत आहे. नस कायमची जाऊ शकते. अशा वेळी १०८ ला फोन करा आणि ज्या मोठ्या रुग्णालयात मणक्याचे ऑपरेशन होते तिथे पोहोचा. बायका लघवीची गोष्ट लाजेने सांगत नाहीत. घरातल्या दुसऱ्या बाईने ती विचारून घ्यावी.

दुसरी खूण आपल्या वस्त्यांसाठी फार महत्त्वाची. पाठ रात्रीही ठणकते, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरते, पाठीवर एका जागी दाबले की कळ येते. हा मणक्याचा क्षय असू शकतो. टीबी फक्त फुप्फुसाचा नसतो, त्यात खोकला नसतानाही मणका पोखरला जातो. अशा रुग्णाला "गादी झिजली" म्हणून कोणी इंजेक्शन दिले आणि क्षय तसाच राहिला तर पाठीला कुबड येते, पाय लुळे पडतात. वेळेत ओळखला तर औषधांनी तो बरा होतो. औषधे सरकारकडून मोफत आहेत, आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला एक हजार रुपये रुग्णाच्या खात्यात जमा होतात. ही रक्कम नोव्हेंबर २०२४ पर्यंत पाचशे होती. पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, पूर्वी कर्करोग होऊन गेलेल्याचे दुखणे आणि वयस्कर आजींची अचानक सुरू झालेली पाठदुखी हीसुद्धा लगेच दाखवावीत.

पैशांचे म्हणाल तर भोरचे उपजिल्हा रुग्णालय आणि वेल्ह्याचे ग्रामीण रुग्णालय यांसारख्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. ससून वेगळ्या खात्याकडे असल्याने तिथे थोडे शुल्क पडू शकते. ऑपरेशन सांगितले तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. शिधापत्रिका आणि आधार कार्ड जवळ ठेवा. योजनेचा फोन १५५३८८. पुण्यातल्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीत देणे बंधनकारक आहे. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. दुखणे आले की दाखल्यासाठी पळापळ होते. तो आधीच काढून ठेवलेला बरा.

आणि ज्यांनी पैसे भरले आहेत त्यांनी गप्प बसू नये. पावती, जाहिरातीचा कागद, मोबाईलवरचे मेसेज पुसू नका. डॉक्टरांविरुद्ध महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे आणि पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाकडे तक्रारीची फी लागत नाही, आणि वकील नसला तरी स्वतः बाजू मांडता येते. पावती दिलीच नसेल तर पैसे ज्या खात्यावर पाठवले त्या खात्याचा बँकेतला उतारा काढून घ्या, तोही पुरावा धरतात.